पांढरी बर्गंडी कशी चाखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्गंडीची पांढरी वाइन पहिल्यांदा समोर आली की बहुतेकांना तेच प्रश्न पडतात. एवढी महाग का? थंड किती करायची? वासात नक्की काय शोधायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो: वासांची नावं पाठ करण्याच्या नादी लागू नका. ही वाइन तोंडात कशी पसरते आणि गिळल्यावर किती वेळ टिकते, तिथे तिचा खरा कस लागतो.

पांढरी बर्गंडी म्हणजे नेमकी कोणती वाइन?

फ्रान्सच्या पूर्व भागातल्या बर्गंडी प्रांतात, जवळजवळ नेहमी शार्दोने या एकाच द्राक्षापासून केलेली, गोड नसलेली पांढरी वाइन. उत्तरेला शाब्ली. तिथून शंभराहून अधिक किलोमीटर आग्नेयेला बोन शहर आणि त्याच्या आजूबाजूचा उताराचा पट्टा, म्हणजे कोत द बोन. मर्सो, पुलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे ही मोठी नावं याच पट्ट्यातली. त्याखाली कोत शालोनेज आणि सगळ्यात दक्षिणेला माकोने. माकोनेत शार्दोने नावाचं एक गावही आहे.

अलिगोते हे इथलं दुसरं पांढरं द्राक्ष. ते जास्त आंबट आणि हलकं. बूझरों या गावाला खास अलिगोतेसाठी स्वतंत्र दर्जा आहे. पण कोणी नुसतं ‘पांढरी बर्गंडी’ म्हटलं तर शार्दोनेच समजायची.

द्राक्ष एकच, मग चवीत इतका फरक कुठून येतो?

जमिनीतून, उतारावरच्या जागेतून आणि करणाऱ्याच्या हातातून. जमिनीचं म्हणणं पटायला अवघड जातं, म्हणून एकच टेकडी नीट पाहू.

पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर, उताराच्या मधोमध मोंराशे नावाचं शेत आहे. सुमारे ८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम वीस एकर. त्याच्या लगेच वर शेवालिये-मोंराशे: तिथे माती पातळ, दगड जास्त, उतार उभा. मोंराशेच्या खाली, अरुंद रस्ता ओलांडला की बातार-मोंराशे: माती खोल, चिकणमातीचा भाग जास्त, उतार जवळजवळ संपत आलेला. आणखी खाली गेलं की गावपातळीची शेतं, आणि त्यापलीकडच्या सपाटीवर साधी बुर्गोन्य, म्हणजे नुसत्या प्रांताच्या नावाने विकली जाणारी वाइन. वरपासून खालपर्यंत सगळं चालत सहज बघून होतं.

ही तिन्ही शेतं सर्वोच्च दर्जाची, द्राक्ष तेच, हवामान तेच. तरीही शेवालियेची वाइन सडपातळ आणि ताठ लागते, बातारची भरदार आणि रुंद. चुनखडीच्या दगडाळ जमिनीतून पाण्याचा निचरा झटकन होतो, वेलीला पाण्यासाठी खोल जावं लागतं, घड लहान आणि आटोपशीर राहतात. खालच्या चिकण जमिनीत पाणी धरून राहतं आणि फळ वेगळ्या वेगाने पिकतं. मधल्या उताराला सकाळपासून ऊन मिळतं आणि थंड हवा खाली वाहून जाते, त्यामुळे हिमदहिवराचा फटकाही कमी बसतो. मोंराशेत ताठपणा आणि भरदारपणा दोन्ही एकत्र येतात, म्हणून त्याचं एवढं कौतुक.

अशा प्रत्येक नाव असलेल्या तुकड्याला तिथे ‘क्लिमा’ म्हणतात. मध्ययुगातल्या मठांनी, विशेषतः १०९८ साली स्थापन झालेल्या सितो मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी, पिढ्यान्‌पिढ्या या जमिनी कसल्या आणि कुठल्या तुकड्याची वाइन वेगळी होते ते हेरून ठेवलं. युनेस्कोने २०१५ साली बर्गंडीच्या क्लिमांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या यादीत १,२४७ क्लिमा आहेत.

लेबल कसं वाचायचं?

चार पायऱ्या आहेत. तळाला प्रांताच्या नावाची वाइन: बुर्गोन्य. त्यावर गावाच्या नावाची: मर्सो, शाब्ली, रुली. त्यावर प्रमिये क्रू, म्हणजे गावाच्या नावासोबत चांगल्या शेताचं नाव: मर्सो पेरिएर, मर्सो जनव्रिएर. सगळ्यात वर ग्राँ क्रू, जिथे शेताचं नाव एकटंच पुरतं: मोंराशे, कोर्तों-शार्लमान्य. एकूण उत्पादनात ग्राँ क्रूचा वाटा फार लहान.

एक घोळ हमखास होतो. पुलिन्यी गावाने १८७९ साली आपल्या नावाला मोंराशे जोडून घेतलं आणि शासान्यनेही तेच केलं. त्यामुळे लेबलवर ‘पुलिन्यी-मोंराशे’ दिसलं की ती गावाची वाइन, नुसतं ‘मोंराशे’ दिसलं की ग्राँ क्रू. दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मर्सोला एकही ग्राँ क्रू नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण चांगल्या हातचं मर्सो पेरिएर कित्येक ग्राँ क्रूंच्या तोडीचं असतं, यात मला शंका नाही.

एकाच शेताच्या नावाने इतक्या वेगवेगळ्या बाटल्या का दिसतात?

कारण शेताचे मालक अनेक आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि नंतरच्या वारसा कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला. सातबाऱ्यावर पिढीगणिक नावं वाढत जावीत आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी याव्यात, तसं तिथे झालं. एकट्या मोंराशेतच डझनाहून अधिक मालक आहेत.

म्हणून शेताइतकंच, कित्येकदा शेतापेक्षा जास्त, नाव बघायचं ते करणाऱ्याचं. स्वतःच्या जमिनीतली वाइन स्वतः करणाऱ्या घराण्याला ‘दोमेन’ म्हणतात. द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेऊन स्वतःच्या नावाने बाटलीत भरणारा तो ‘नेगोसियाँ’. लुई जादो, जोसेफ द्रुएँ, बुशार पेर ए फिस, लुई लातूर ही जुनी नेगोसियाँ घराणी. त्यांच्या स्वतःच्या जमिनीही आहेत. दोमेनमध्ये पुलिन्यीचं लफ्लेव घराणं प्रसिद्ध आहे. आन-क्लोद लफ्लेव यांनी १९९०च्या दशकात तिथली सगळी शेती बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनं टाळणाऱ्या एका सेंद्रिय पद्धतीवर नेली आणि त्यांचं पाहून आजूबाजूच्या अनेकांनी रसायनं कमी केली.

मोठ्या शेताचं नाव आणि कच्चा हात, यापेक्षा साधं गाव आणि पक्का हात केव्हाही बरा.

शाब्लीत खरंच समुद्राची चव लागते का?

शाब्लीची जमीन किमरिज काळातल्या चुनखडीची आणि चिकणमातीची, सुमारे १५ कोटी वर्षं जुनी. तेव्हा तिथे समुद्र होता. आजही शेतातला दगड उचलला तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे इवलेसे शिंपले दिसतात. वाइन चाखली की खारट, दगडी, पावसात भिजलेल्या खडकासारखं काहीतरी जाणवतं. मग शिंपल्यांची चव वाइनमध्ये उतरली असं म्हणायचा मोह सगळ्यांना होतो.

शास्त्र त्याला दुजोरा देत नाही. वेलीची मुळं पाण्यात विरघळलेले क्षार अगदी थोड्या प्रमाणात घेतात, ते आपल्या जिभेला कळण्याइतके नसतात, आणि दगडाला स्वतःची चव जवळपास नसतेच. ज्याला आपण खनिज चव म्हणतो ती थंड हवामानातली तीव्र आम्लता, फळाच्या वासाचा संयम आणि किण्वनात तयार होणारी काही गंधकयुक्त संयुगं यांच्या मिलाफातून येत असावी. जमिनीचा परिणाम खरा आहे, पण तो पाणी, उष्णता आणि पिकण्याचा वेग यांच्या वाटेने होतो. हे कळल्यावर माझा शाब्लीतला आनंद तिळमात्र कमी झालेला नाही.

शाब्लीचा ग्राँ क्रू म्हणजे सरँ नदीच्या उजव्या तीरावरची एकच टेकडी आणि तिच्यावरचे सात क्लिमा: ले क्लो, वाल्मूर, वोदेझीर, ग्रनुई, प्रझ, बुग्रो आणि ब्लांशो. बजेटमध्ये खरी शाब्ली प्यायची असेल तर मोंते द तोनेर किंवा फुर्शोम या प्रमिये क्रूंकडे बघा.

लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास कुठून येतो? तो चांगला की वाईट?

दोन्ही वास वाइन करण्याच्या पद्धतीतून येतात. द्राक्षं दाबून रस काढतात, थोडा निवळू देतात आणि बोनच्या पट्ट्यात बहुतेक जण तो २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवतात. पहिलं किण्वन साखरेचं. त्यानंतर जीवाणू हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात. धार कमी होते, स्पर्श मऊ होतो, आणि त्यातच डायअसेटिल नावाचं संयुग तयार होतं. लोण्याचा वास त्याचा. वाइन यीस्टच्या गाळावर शांतपणे पडून राहिली तर यीस्ट हे डायअसेटिल बऱ्यापैकी पुन्हा शोषून घेतं. म्हणूनच उत्तम बर्गंडीत लोणी ठळक येत नाही. एक सायीसारखा गुळगुळीतपणा उरतो.

काही जण मधूनमधून काठीने गाळ ढवळतात. त्याला बातोनाज म्हणतात. त्याने अंग भरतं, पण अति केलं तर वाइन जड होते. पूर्वीपेक्षा आता बरेच जण हे ढवळणं कमी करतात.

व्हॅनिला, भाजलेल्या पावाचा वास, थोडा मसालेदारपणा हे नव्या ओकचं देणं. चार-पाच वर्षं वापरलेलं पिंप चव फारशी देत नाही, फक्त लाकडातून हवेचा हलका स्पर्श होऊ देतं. नव्या ओकची चव वाइनच्या वर तरंगत असेल तर ती मला खटकते. पहिला घोट छान लागतो, तिसऱ्या ग्लासला कंटाळा येतो.

शाब्लीत बहुतेक वाइन स्टीलच्या टाकीत होते. पण तिथल्या राव्हनो आणि दोविसा या दोन सर्वांत मानाच्या घराण्यांत जुनी लाकडी पिंपंच वापरतात, आणि त्यांच्या वाइनला ओकचा वास येतो असं कोणी म्हणणार नाही.

किती थंड करायची? ग्लास कसला हवा?

आपल्याकडे होणारी सगळ्यात मोठी हेळसांड हीच. फ्रिजमधून काढून थेट ओतली की ४-५ अंशांवर वास बंद होतात, फक्त आंबटपणा आणि ओकचा कडवटपणा पुढे येतो. साधी शाब्ली १० अंशांच्या आसपास, मर्सो किंवा पुलिन्यी ११ ते १३ अंशांवर. मुंबई-पुण्याच्या हवेत बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली की साधारण जमतं. बर्फाच्या बादलीत शेवटपर्यंत बुडवून ठेवू नका. हॉटेलात वेटर तसं करत असेल तर बाटली बाहेर काढायला सांगा, त्यात संकोच कसला?

ग्लास पोटाने रुंद आणि तोंडाशी थोडा निमुळता हवा. पांढऱ्या वाइनसाठी मिळणारे छोटे अरुंद ग्लास बर्गंडीला अपुरे पडतात. तिसरा हिस्सा भरा, जास्त नको.

प्रत्यक्ष चाखायचं कसं?

समजा, समोर चार-पाच वर्षांची, गावपातळीची, चांगल्या घराची मर्सो आहे.

आधी रंग. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. फिकट सोनेरी, कडेला हिरवट झाक असेल तर उत्तम. या वयाला गडद सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकलेली दिसली तर सावध व्हा. त्याबद्दल पुढे येईलच.

मग न हलवता वास घ्या. बहुधा फारसं काही येणार नाही: लिंबाची साल, थोडा विझवलेल्या आगकाडीचा वास, कदाचित पीठ. आता ग्लास टेबलावरच ठेवून हळू फिरवा आणि पुन्हा नाक लावा. पेअर, पिवळं सफरचंद, आणि त्यामागे भाजलेल्या हेझलनटचा वास यायला लागेल. हेझलनट ओळखीचं नसेल तर भाजलेला काजू म्हणा, चालेल. आपल्या नाकाला आपल्या स्वयंपाकघरातले वास आधी कळतात. मला कित्येकदा पपनसाची साल आठवते आणि मी तेच लिहून ठेवतो.

घोट मध्यम घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेवरून, गालांच्या आत फिरू द्या. तीन गोष्टी बघायच्या. सुरुवातीला आम्लता कशी येते? टोचते, की तोंडाला पाणी सुटून पुढचा घोट हवासा वाटतो? मध्ये वाइन पोकळ वाटते का? पुष्कळ वाइन सुरुवातीला छान लागतात आणि मध्ये पाणी पितोय असं वाटतं. चांगली मर्सो नेमकी इथे भरते, तिला वजन असतं आणि तरीही ती जड होत नाही. तिसरं, गिळल्यावर काय राहतं?

गिळल्यानंतर मनात सेकंद मोजा. फ्रेंच चाखणारे यासाठी ‘कोदाली’ हे माप वापरतात. चव टिकली तो एक सेकंद म्हणजे एक कोदाली. साधी वाइन चार-पाच सेकंदांत निघून जाते. चांगली दहा-बाराच्या पुढे जाते, आणि मोठ्या वाइनला मोजणं विसरायला होतं. पण टिकतंय काय तेही बघा. घशात फक्त अल्कोहोलची ऊब किंवा लाकडाचा कडवटपणा रेंगाळत असेल तर ती लांबी धरायची नाही. फळ, आम्लता आणि तो हलका खारटपणा एकत्र टिकले पाहिजेत.

आणि मग ग्लास बाजूला ठेवून गप्पा मारा. अर्ध्या तासाने परत या. आगकाडीचा वास मागे गेलेला असतो, मध, वाळलेली फुलं, साय पुढे आलेली असते. तासाभराने वाइन अजून थोडी कोमट झाली की पोत आणखी उघडतो. बाटली दोन तास पुरवून प्यायली तर एका बाटलीतून तीन वाइन मिळतात. एकाच दमात संपवली तर त्यातली पहिलीच मिळते, आणि ती तिघींतली सगळ्यात कमी बोलणारी असते.

एकाच वेळी तीन-चार बाटल्या चाखायच्या असतील तर थुंकायला एक भांडं ठेवा. वाइनच्या जगात यात कुणालाच वावगं वाटत नाही, आणि चौथ्या ग्लासनंतर कोणाचीही जीभ भरवशाची राहत नाही.

आगकाडीचा वास म्हणजे वाइन बिघडली का?

नाही. ऑक्सिजन कमी मिळालेल्या वाइनमध्ये अशी गंधकयुक्त संयुगं तयार होतात, आणि मर्सोतली काही घराणी तो वास हौसेने राखतात. हवा लागली की तो निवळतो. कुजलेल्या अंड्याचा किंवा कोबीचा वास येत असेल आणि तासाभरात जात नसेल तर मात्र दोष.

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येत असेल तर तो बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या संयुगाचा दोष. तो कितीही वेळ ठेवला तरी जात नाही, उलट वाढतो. हॉटेलात ही बाटली परत करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

किती वर्षं ठेवता येते?

साधी बुर्गोन्य आणि माकोनेची साधी वाइन, माकों, दोन-तीन वर्षांत. गावपातळीची मर्सो-पुलिन्यी चार ते आठ वर्षांत. प्रमिये क्रू आणि ग्राँ क्रू दहा वर्षं आणि पुढेही जातात, निदान जायला हव्यात.

‘जायला हव्यात’ म्हणतो, कारण १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक वाइन वेळेआधीच म्हाताऱ्या झाल्या. सहा-सात वर्षांची, भरपूर पैसे मोजून घेतलेली बाटली उघडावी आणि आत गडद सोनेरी रंग, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आणि शिळ्या अक्रोडाचा वास. एकाच पेटीतली एक बाटली मेलेली आणि शेजारची टवटवीत असंही झालं. एकच कारण सापडलेलं नाही. बुचांचा असमान दर्जा, वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचं घटवलेलं प्रमाण, रस अति हळुवार आणि स्वच्छ काढणारे नवे दाबयंत्र, जास्त ढवळणं, अशा अनेकांवर संशय आहे. त्यानंतर बऱ्याच घराण्यांनी गंधक पुन्हा थोडं वाढवलं, आणि काहींनी बुचाचा भुसा कार्बन डायऑक्साइडने शुद्ध करून बनवलेली बुचं वापरायला सुरुवात केली. परिस्थिती सुधारली आहे, तरी माझा सल्ला एवढाच: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी म्हणून पांढरी बर्गंडी राखून ठेवू नका.

कुठलं वर्ष चांगलं?

२०१४ माझं आवडतं: धारदार, शुद्ध, लांब चवीचं. २०१७ समतोल. २०१८ उष्ण आणि भरघोस पिकाचं, वाइन लवकर पिण्याजोग्या. २०२० उन्हाचं असूनही आम्लता आश्चर्यकारकरीत्या टिकलेली.

२०२१चं वेगळं सांगायला हवं. त्या वर्षी मार्च उबदार गेला, कोंब लवकर फुटले आणि एप्रिलमध्ये अनेक रात्री कडक हिमदहिवर पडलं. शेतकऱ्यांनी रात्रभर वेलींच्या ओळींमधून मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या. शाब्लीत काहींनी वेलींवर पाणी फवारलं, म्हणजे कोंबावर बर्फाचं कवच चढतं आणि पाणी गोठताना निघणाऱ्या उष्णतेने आतला कोंब शून्याच्या खाली फारसा जात नाही. एवढं करूनही कित्येकांचं बहुतेक पीक गेलं. जे उरलं ते हलकं, टोकदार, जुन्या वळणाचं निघालं. मला ते आवडतं. अवकाळीने एका रात्रीत द्राक्षबाग गेलेली ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना त्या बाटलीची किंमत वेगळी सांगायला नको.

१९७६ साली कॅलिफोर्नियाने बर्गंडीला हरवलं म्हणतात, ते काय?

पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश व्यापाऱ्याने भरवलेल्या अंध चाचणीत, म्हणजे कुठली वाइन कुठली हे न सांगता, फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेनाच्या १९७३च्या शार्दोनेला पहिलं स्थान दिलं. दुसरी आली रूलो घराण्याची मर्सो शार्म. शार्दोने इतरत्रही उत्तम होऊ शकते हे त्या दिवशी सिद्ध झालं. शेवालिये बातारपेक्षा वेगळं का लागतं, हा मात्र निराळा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्या चाचणीत नव्हतं.

जेवणात काय ठेवायचं?

बर्गंडीत शाब्लीसोबत कालवं, गोगलगायी, चीज घातलेले गुजेर नावाचे छोटे फुगीर पाव. मर्सोसोबत ब्रेसची कोंबडी, साय आणि मशरूमच्या रश्श्यात. शेजारच्या जुरा भागातलं कोंते चीज तर यांच्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे.

आपल्या ताटात जरा विचार करावा लागतो. लाल तिखटाच्या झणझणीत रश्श्यापुढे ही वाइन दबते, आणि अल्कोहोलमुळे तिखट आणखी जाळतं. चिंच-कोकमाचा आंबटपणा जास्त असेल तरी ती फिकी पडते. पण हळद-मिठाचं, लोण्यावर परतलेलं पापलेट, कमी मसाल्याचा खेकडा, नारळाच्या घट्ट दुधातली सौम्य कोलंबी यांच्यासोबत पुलिन्यी किंवा सेंतोबाँ या गावाची वाइन सुरेख जाते. आणि ओल्या काजूंची उसळ, मिरची हात राखून घातलेली, मर्सोसोबत एकदा खाऊन बघाच. काजूची गोडी आणि नारळाची साय वाइनमधल्या हेझलनटला अशी भेटते की मार्च-एप्रिलमध्ये कोकणातून ओले काजू आले की मला आधी वाइनच आठवते.

नाशिक किंवा अकलूजची शार्दोने पिऊन बर्गंडीचा अंदाज येतो का?

द्राक्षाचा येतो, जागेचा येत नाही. नाशिकमध्ये शेनँ ब्लां आणि सोविन्यों ब्लां जास्त. शार्दोने थोडी, दिंडोरीला ती फेसाळ वाइनमध्येही जाते. अकलूजच्या फ्रातेल्ली या कंपनीची शार्दोने सहज मिळते. आपल्याकडे वेल थंडीत पूर्ण झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करून पीक एकदा घेतात, आणि तोडणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. बर्गंडीत वेल हिवाळाभर निद्रिस्त आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास, हल्ली कित्येकदा ऑगस्टमध्येच. त्यामुळे आपली शार्दोने जास्त पिकलेली, अननस-आंब्याकडे झुकलेली लागते. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. आम्लतेचा आणि मागे टिकणाऱ्या चवीचा फरक पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

सुरुवात कोणत्या बाटलीने करू?

मोंराशेने नक्कीच नाही. तिची किंमत शेकडो युरोंपासून सुरू होऊन हजारांत जाते आणि पहिल्याच भेटीत त्यातलं निम्मं कळत नाही.

सें-वेराँ, रुली, मोंतान्यी, सेंतोबाँ ही गावं बघा. सोल्युत्रेच्या कड्याच्या परिसरातलं पुयी-फ्युइसेही चांगलं. २०२०च्या पिकापासून तिथल्या २२ क्लिमांना प्रमिये क्रूचा दर्जा मिळाला आहे. पण माझी सगळ्यात आवडती युक्ती वेगळी आहे: मर्सो किंवा पुलिन्यीतल्या चांगल्या घराण्याची साधी बुर्गोन्य घ्या. अनेकदा ती गावाच्या शिवेला लागून असलेल्या शेतातली असते. तेच हात, तेच तळघर, आणि किंमत कितीतरी कमी.

भारतात आयात शुल्क आणि त्यावर राज्याचे कर लागून किंमत फुगते. परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात. इथल्या दुकानात घेत असाल तर ती बाटली उन्हाच्या काचेत उभी होती का ते बघा. बूच वर आलेलं किंवा गळाल्याचा डाग असेल तर सोडून द्या. घरी वाइनचा फ्रिज नसेल तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवू नका. साध्या फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात काही महिने ठेवणं त्यापेक्षा पुष्कळ बरं.

बर्गंडीला जायचं असेल तर कधी जावं?

नोव्हेंबरचा तिसरा रविवार धरून. त्या दिवशी बोनमध्ये ऑस्पिसचा लिलाव असतो. निकोला रोलँ यांनी १४४३ साली गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. त्याला पुढे शेतं दान मिळत गेली आणि १८५९पासून त्या शेतांची वाइन लिलावात विकून पैसे धर्मादाय कामाला जातात. दुसऱ्या दिवशी मर्सोत पोले, म्हणजे हंगाम संपल्याचं मोठं जेवण. तिथे पाहुणे स्वतःच्या तळघरातल्या बाटल्या आणून अनोळखी माणसांच्या ग्लासात ओततात.

अर्धी बाटली उरली तर?

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तरुण, चांगली बर्गंडी दुसऱ्या दिवशी कित्येकदा जास्त छान लागते, खास करून पहिल्या दिवशी गप्प बसलेली शाब्ली. तिसऱ्या दिवसापर्यंत प्यायला हरकत नाही. दहा वर्षांपुढची जुनी बाटली मात्र उघडली त्याच संध्याकाळी संपवा. आणि उरलेली थोडीशी असेल तर स्वयंपाकात घालण्यापेक्षा सकाळी न हलवता एकदा नुसता वास घेऊन बघा. रात्री सापडला नव्हता असा एखादा वास तेव्हा हमखास सापडतो.